सर अल्बर्ट हॉवर्ड: माती आणि माणसाचे पोट यांचा संबंध सांगणारा शास्त्रज्ञ

कापसाची वेचणी संपली की पिंप्राळा, जळगावपासून धुळ्यापर्यंत अनेक बांधांवर पऱ्हाटी जाळली जाते. हीच पऱ्हाटी कुजवून खत करण्याची शास्त्रीय पद्धत आपल्या शेजारच्या इंदूरला तयार झाली. ती बसवणारे सर अल्बर्ट हॉवर्ड.

इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात १८७३ मध्ये शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिक्षण घेऊन १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी गव्हाचे सुधारित वाण दिले. इथल्या शेतकऱ्यांना हॉवर्ड आपले गुरू मानत.

१९२४ ते १९३१ ते इंदूरच्या संस्थेत कापसावर काम करत होते. पऱ्हाटी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चेचायची, गोठ्यात अंथरायची, मग शेण, मूत्र मुरलेली माती व राख यांच्यासह थर लावायचे. साधारण सोळा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग पलटायचा. तीन महिन्यांत खत तयार. सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ मध्ये यावर पुस्तक प्रसिद्ध केले.

१९४० च्या पुस्तकात ते पुढे गेले. सकस मातीतील मायकोरायझा बुरशी पिकाला पोसते आणि तेच आरोग्य अन्नातून जनावरांत व माणसांत उतरते, असे त्यांनी मांडले. १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले.

यातले आज काय टिकते? मायकोरायझा पिकाला स्फुरद व जस्त मिळवून देते, हे सिद्ध आहे. आतड्यातील उपयुक्त जीवाणू भाजी, डाळी, भरडधान्यातील तंतुमय पदार्थांवर जगतात, हेही सिद्ध आहे. मातीतील जीवाणू कच्च्या भाजीबरोबर पोटात जातात. पण त्यांचा माणसाला नेमका किती फायदा होतो, यावर संशोधन चालू आहे. त्यामुळे सेंद्रिय भाजीने पोटाचे आजार बरे होतात, असे ग्राहकाला सांगू नये.

मातीतून पोटात रोगजंतूही जातात. म्हणून मेथी, कोथिंबीर, काकडी यांना कच्चे शेण घालू नका. ओलावा राखून ढीग ५५ अंशांवर तापू द्या व पलट्या द्या. त्यात बहुतेक रोगजंतू मरतात. पऱ्हाटीचे ढीग बांधावर ठेवल्यास गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. ती जाळण्याऐवजी श्रेडरने बारीक करून लगेच कुजवा.