चित्रमहर्षी बाबूराव पेंटर

भीमाने कीचकाला मारून चिखलदऱ्याच्या दरीत लोटले, असे आपल्या अचलपुराकडील लोक सांगतात. त्याच कीचकवधावर १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट निघाला. तो काढणारे गृहस्थ म्हणजे बाबूराव पेंटर.

त्यांचा जन्म कोल्हापुरात ३ जून १८९० रोजी झाला. आडनाव मेस्त्री, परंतु नाटकांचे पडदे रंगविता रंगविता ते पेंटर झाले. शालेय शिक्षण बेताचेच. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यावर त्यांनी व त्यांचे बंधू आनंदराव यांनी घरीच कॅमेरा तयार करण्याचे मनावर घेतले. १९१६ साली आनंदराव वारले. तरी बाबूरावांनी दामल्यांच्या साह्याने तो पुरा केलाच. देखावे, पोशाख, जाहिरातीची चित्रे, सर्वांवर त्यांचाच हात फिरे. चित्रपट ही एका दिग्दर्शकाची कृती असू शकते, हे त्यांच्या कामावरून आम्हांस विशेष पटते.

खरे धाडस मात्र १९२५ सालचे. देवादिकांच्या कथांना गर्दी लोटत असता त्यांनी ना. ह. आपट्यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. त्याचा नायक कर्जापायी जमीन गमावून शहरातील गिरणीची वाट धरणारा शेतकरी. अशी शेते आमच्या वऱ्हाडाने थोडी का पाहिली आहेत! प्रेक्षकांस ते रुचले नाही. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल हे शिष्यही निघाले व त्यांनी ‘प्रभात’ स्थापिली. बाबूरावांनी १९३६ साली तीच शेतकऱ्याची कथा बोलपटरूपाने पुन्हा काढली. १६ जानेवारी १९५४ रोजी ते निवर्तले.