रंगभूमीचे आद्य वाटसरू : विष्णुदास भावे

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ सादर करून विष्णुदास भावे यांनी मराठी रंगभूमीचा पाया घातला. १८५१ साली आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन कैलासवासी झाले, राजाश्रय आटला आणि नटमंडळींच्या चरितार्थाचा प्रश्न उभा राहिला. भाव्यांनी मंडळी मोडली नाही. तिला घेऊन ते दौऱ्यावर निघाले. आगगाडी अद्याप यावयाची होती. पावसाळा सरून वाटा मोकळ्या झाल्या की थंडीवाऱ्यात बैलगाडीचाच आधार. १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. दरबारचे नाटक लोकांचे झाले. १९०१ साली भावे निवर्तले. महाराष्ट्रापासून दूर, रायपुरात मराठी नाटकाचा पडदा उघडतो, त्यामागे त्याच वाटचालीची पुण्याई आहे.