अभियंता विल्हेल्म मायबाख

जर्मनीतील हाइलब्रोन या गावी ९ फेब्रुवारी १८४६ रोजी एका सुताराच्या घरी विल्हेल्म मायबाख यांचा जन्म झाला. त्यांच्या वयाच्या आठव्या वर्षी आई गेली आणि दहाव्या वर्षी वडील. रॉयटलिंगन येथे गुस्टाव्ह वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने चालवलेल्या संस्थेने या पोरक्या मुलाला आसरा दिला. संस्थेचा स्वतःचा यंत्रांचा कारखाना होता. तेथेच मायबाख यंत्रांचे आराखडे काढण्यास शिकले. काम सांभाळून त्यांनी गणित व पदार्थविज्ञान यांचाही अभ्यास केला.

१८६५ च्या सुमारास याच कारखान्यात गॉटलीब डाइमलर यांची नजर या तरुणावर पडली. पुढे डाइमलर जेथे गेले, तेथे मायबाखही गेले. १८८२ मध्ये दोघांनी कानश्टाट येथे डाइमलर यांच्या बागेतील काचघरात लहान, वेगवान इंजिन बनवण्याचे प्रयोग सुरू केले. हा उद्योग इतका गुप्त होता, की आत खोटी नाणी पाडली जात असावीत अशा संशयाने माळ्याने पोलीस आणले, अशी आठवण सांगितली जाते!

इंजिन बनले, गाडी धावू लागली. पण एक अडचण पाठ सोडीना. इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा थोडाच भाग गाडीला गती देतो. उरलेली उष्णता वेळीच बाहेर टाकली नाही, तर यंत्राचे भाग तापून प्रसरण पावतात, वंगण जळते आणि इंजिन अडकून बसते. यावर उपाय पाण्याचा. परंतु सुरुवातीच्या गाड्यांत ते पाणी उकळून वाफ होऊन जाई. जितकी अधिक शक्ती, तितके अधिक पाणी, आणि तितकेच अधिक ओझे.

मार्च १९०० मध्ये डाइमलर यांचे निधन झाले. ज्याच्या आधाराने आयुष्य उभे राहिले, तो माणूस गेला होता. आणि त्याच सुमारास एमिल येलिनेक या धनिक व्यापाऱ्याने अधिक वेगवान, अधिक बळकट गाडीची मागणी केली. मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसणारे शीतक, म्हणजे रेडिएटर, तयार केले. ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या त्यात एकमेकींना डाख देऊन जोडल्या होत्या. नळ्यांमधून वारा वाहे आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून पाणी फिरे. पाण्याचा पातळ थर आणि वाऱ्याला भिडणारा प्रचंड पृष्ठभाग, एवढेच त्याचे रहस्य. गाडी हळू चालत असली, तर मागचा पंखा हवा खेचून घेई. पूर्वी १८ लिटर पाणी लागे, आता ९ लिटर पुरले.

येलिनेक यांच्या मुलीच्या नावावरून 'मर्सिडीज' म्हटल्या गेलेल्या या ३५ अश्वशक्तीच्या गाडीने मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधील नीस येथील शर्यती गाजवल्या. शीतक समोर असलेला तिचा चेहरा पुढे अनेकांनी उचलला.

कंपनीत मात्र मायबाख यांचे स्थान घसरत गेले. १९०७ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी ती सोडली. नंतर काउंट झेपेलिन यांच्या हवाई जहाजांसाठी इंजिने बनवणारी कंपनी उभी राहिली. तिचे तांत्रिक काम त्यांचा मुलगा कार्ल पाहू लागला. मायबाख नावाच्या आलिशान मोटारी १९२१ पासून कार्ल यांनीच बाजारात आणल्या.

२९ डिसेंबर १९२९ रोजी विल्हेल्म मायबाख यांचे निधन झाले. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर विसावले होते, तेथेच त्यांनाही जागा मिळाली.