सरखेल कान्होजी आंग्रे : दर्यावरचा हक्क आणि नुकसानीचा हिशेब

कान्होजी आंग्रे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तोफा, गुराबा आणि जलदुर्ग उभे राहतात. माझ्यासारख्या सरकारी कचेरीत फायली सांभाळणाऱ्या माणसाला मात्र त्यांच्या चरित्रात आणखी एक गोष्ट दिसते. त्यांची निम्मी लढाई कागदावर झाली.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारास झाला. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी गावावरून आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. तरुण कान्होजींनी सुवर्णदुर्ग शत्रूच्या हाती जाऊ दिला नाही आणि तिथूनच त्यांचे नाव झाले. पुढे आरमाराची सूत्रे आणि सरखेल हा किताब त्यांना मिळाला. अलिबागचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे.

त्या काळी समुद्रावर परवान्याशिवाय व्यापार करणे अवघड होते. पोर्तुगीज आपला कार्ताझ विकत. त्यात जहाजाचा आकार, नाखवा, शस्त्रे, माल यांची नोंद असे. इंग्रजही आपले पास देत. कान्होजींचे म्हणणे सरळ होते : हा किनारा छत्रपतींचा, तेव्हा इथे दस्तक आमचे चालेल. ज्याच्याकडे ते नाही, ते जहाज जप्त.

१७१२ साली मुंबईचे गव्हर्नर आयस्लबी यांचे जहाज कारवारच्या बाजूने येताना कान्होजींच्या आरमाराने पकडले. चकमकीत कारवार वखारीचा प्रमुख चाऊन मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. कंपनीने ३०,००० रुपये मोजल्यावर तिची सुटका झाली. १७१३ मध्ये तह झाला : कान्होजींनी इंग्रजांच्या जहाजांना हात लावायचा नाही आणि इंग्रजांनी आपले निशाण फक्त स्वतःच्याच जहाजांवर लावायचे.

वाद पेटला तो याच कलमावरून. देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली जाऊ लागला. कंपनीच्या देशी दलालाचे सक्सेस नावाचे जहाज कान्होजींनी धरले, तेव्हा इंग्रजांनी तहाचा भंग झाला म्हणून ओरड केली. कान्होजींच्या लेखी तो माल इंग्रजांचा नव्हताच. जहाज कोणाचे, माल कोणाचा, नुकसान कोणी भरायचे, यावर पत्रे झडली आणि पत्रे थांबली की तोफा बोलत. १७१८ मध्ये इंग्रजांचा खांदेरीवरचा हल्ला फसला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. बाजीरावांची कुमक आली आणि तोही बेत फिसकटला.

पुढे गव्हर्नर फिप्स यांच्या तक्रारींना कान्होजींनी दिलेले उत्तर मुत्सद्द्याचे होते. नुकसान दोन्ही बाजूंचे झाले आहे, हावेचा दोष एकट्यावर टाकता येत नाही आणि जय-पराजय ईश्वराधीन आहे, असा त्याचा आशय. चाचा असे उत्तर देत बसत नाही. राज्याचा अधिकारीच देतो.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागला आहे. १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांनी आंग्र्यांचे आरमार जाळले, आणि त्यात पेशव्यांची साथ होती, हे दुःख वेगळेच. इंग्रजी पुस्तकांनी पुढे कान्होजींना चाचा ठरवले, कारण लिहिणाऱ्यांसमोर कंपनीचे दप्तर होते आणि त्यात नुकसानीचा हिशेब एकाच बाजूने मांडलेला होता. स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला आंग्रे हे नाव देऊन तो हिशेब दुरुस्त केला.

आपल्या गायकवाडांचेही आरमार बिलिमोऱ्याला होते. बडोद्यातल्या कितीतरी जुन्या मराठी घरांत माळ्यावरच्या पेटीत सनदा, पत्रे, मोडीतले कागद पडून आहेत. गौरीगणपतीच्या साफसफाईत ते रद्दीत जाऊ देऊ नका. आपले कागद आपण राखले नाहीत, तर आपल्या पूर्वजांची ओळख दुसऱ्यांच्या दप्तरातून ठरते.