कै. नारायण मल्हार जोशी : कष्टकऱ्यांच्या अडीअडचणींचा वाली

आपल्या स्मरणिकेत प्रतिवर्षी ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे येतात. कै. नारायण मल्हार जोशी आपल्या ज्ञातीचे नव्हते. तथापि महाड-पोलादपूरकडील ज्या घरांतील कर्ते पुरुष एके काळी मुंबईच्या गिरण्यांत राबत, त्या घरांवर त्यांचे ऋण आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी महाडच्या उत्तरेकडील गोरेगावी झाला. हे गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. आज ते रायगडच्या माणगाव तालुक्यात मोडते. १९०१ साली डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे शिक्षकी पेशा पत्करला, याचा माझ्यासारख्यास विशेष अभिमान वाटतो. १९०९ साली ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले व १९११ साली मुंबईत त्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली.

लीगचे कार्य समजण्यास गिरणी कामगाराचा संसार डोळ्यांपुढे आणावा लागेल. घाटाखालून गेलेल्या माणसाला काम मिळाले, तरी पहिला पगार हाती पडेपर्यंत महिना उलटून पुढल्या महिन्याचेही बरेच दिवस जात. तोवर खायचे काय? वाण्याची उधारी व सावकाराचा उंबरठा. व्याज रुपयामागे दरमहा एक आणा, म्हणजे सालिना शेकडा ७५! १९२१-२२ साली सरकारी मजूर कचेरीने केलेल्या पाहणीत शेकडा ४७ कामगार कुटुंबे कर्जबाजारी आढळली. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या गावाकडच्या माणसांना या व्याजाची कल्पना क्वचितच असे.

अशा माणसाला चार आणे भीक घालून भागत नाही, हे जोशी यांनी ओळखले. लीगने सहकारी पतपेढ्या काढल्या, रात्रशाळा, वाचनालये व दवाखाने चालविले, अडाणी माणसाला कोर्टकचेरीत सल्ला देण्याची सोय केली. परळचे दामोदर नाट्यगृहही लीगनेच उभारले. पतपेढीत कर्जदार हा सभासदच असतो. त्यामुळे मागणाऱ्याची मान खाली जात नाही. आपल्या साहाय्य निधीकडे अर्ज करताना आजही कित्येक घरे संकोचतात, त्यांनी व निधीच्या चालकांनीही ही गोष्ट ध्यानी घ्यावी, असे मला वाटते. २२ जुलै २०२१ रोजी महाडात पाणी घुसले, तेव्हा त्याने कोणाची ज्ञाती विचारली नव्हती. शेजारधर्मही तसाच असावा.

१९२५ साली मालकांनी पगारात शेकडा साडेअकरा कपात जाहीर केली. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. पुष्कळांनी आपल्या गावची वाट धरली. मागे राहिलेल्यांची चूल पेटती ठेवणे हे मोठेच काम होते. परदेशांतील कामगार संघटनांनीही त्यासाठी पैसा पाठविला. डिसेंबरात सरकारने कापडावरील जकात स्थगित केली, मालकांनी कपात मागे घेतली व जानेवारी १९२६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई गिरणी कामगार युनियनचे अध्यक्षपद जोशी यांच्याकडे आले.

मध्यवर्ती कायदेमंडळात ते दीर्घकाळ सरकारनियुक्त सभासद होते. तेथे त्यांना यश नेहमीच लाभले असे नाही. बाळंतिणीस साहाय्य देण्याविषयी १९२४ साली त्यांनी मांडलेले विधेयक फेटाळले गेले. परंतु मुंबई इलाख्यात तसा कायदा १९२९ साली झाला. पुढे १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने हजाराहून कमी कामगार असल्यास ७ दिवसांत, एरवी १० दिवसांत पगार देण्याचे बंधन मालकांवर आले. सावकाराचा उंबरठा ज्या विलंबामुळे झिजवावा लागे, त्या विलंबालाच कायद्याने हात घातला. माझ्या मते लीगच्या कार्याची ही स्वाभाविक पुढची पायरी होय.

ते १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे सरचिटणीसपदही त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्या डिलाईल रोडवर आपल्याकडील कित्येकांचे वाडवडील दाटीवाटीने खोल्यांतून राहिले, तो रस्ता आज ना. म. जोशी मार्ग म्हणून ओळखला जातो.