सीटी स्कॅनमधला ‘एचयू’ कोणाच्या नावाचा?

कुळगावात सीटी स्कॅन काढा नाहीतर लंडनमध्ये, रिपोर्टवर अनेकदा ‘एचयू’ दिसतं. म्हणजे हाउन्सफिल्ड युनिट. पाणी शून्य, हवा उणे १०००.

गॉडफ्रे हाउन्सफिल्ड १९१९ साली इंग्लंडमध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मले. ना डॉक्टर, ना पीएचडी! युद्धकाळात हवाई दलात रडार शिकले, नंतर ईएमआय कंपनीत संगणक बनवले. अनेक कोनांतून घेतलेली क्ष-किरणांची मोजमापं संगणकाने जुळवली, तर शरीराचा आतला काप दिसेल, हे त्यांना सुचलं. सुरुवातीच्या यंत्राला एका चित्रासाठी नऊ दिवस लागले! गुरांच्या मेंदूंवरही चाचण्या झाल्या. १ ऑक्टोबर १९७१ला विम्बल्डनच्या रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूतली गाठ कवटी न उघडता दिसली. १९७९मध्ये ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. २००४मध्ये हाउन्सफिल्ड गेले.