जात्यावरच्या ओवीतून घडला शाहीर : अमर शेख

बार्शी : लातूरला छोट्या रेल्वेने जोडलेल्या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब हुसेन पटेल यांचा जन्म झाला. पुढे हेच पोरगं शाहीर अमर शेख म्हणून महाराष्ट्रभर गाजलं.

घरची परिस्थिती बेताचीच. आई मुनेरबी जात्यावर ओव्या म्हणायच्या. पोराच्या कानावर पहिलं गाणं पडलं ते हेच. गाणं शिकवायला ना उस्ताद, ना घरात टेप. मेहबूबने मोटारीवर क्लिनरकी केली, गिरणीत काम केलं. गिरणी कामगारांच्या संपात उतरल्यावर तुरुंगवासही भोगला.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. कलापथकात सगळे मिळून गायचे, पण अमर शेख यांचा पहाडी आवाज हजारोंच्या गर्दीतही वेगळा ओळखू यायचा. मराठवाडा १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, पण महाराष्ट्र अजून व्हायचा होता. त्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी गावोगावच्या सभा पेटवल्या. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात त्यांचं निधन झालं.

मुनेरबींच्या काळी आवाज जपायची सोय गरिबाच्या घरात नव्हती. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. घरातल्या आजीच्या ओव्या एकदा तरी रेकॉर्ड करून ठेवा.